कठीण दिवसाचे काम

इंग्लंडात, लंडन शहराच्या मध्यभागापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, पूर्वी केंट परगण्यात मोडणारे डाउन नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यातील एका प्रशस्त घरात चार्ल्स डार्विन हा सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ १८४२ सालापासून १८८२ साली मृत्यू येईपर्यंत राहत होता. १ ऑक्टोबर १८६१ या दिवशी त्याने आपला मित्र, भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यास एक पत्र लिहिले. त्या पत्रात त्याने आपली मनःस्थिती मोकळेपणाने सांगितली आहे. आज प्रकृती फार बिघडली असून बुद्धी मंद झाली आहे, सर्व माणसांचा आणि सर्व वस्तूंचा तिटकारा आला आहे, माणूस केवळ चुका करण्यासाठीच जगत असतो, असे त्याने लिहिले. ऑर्किड फुलांवर एक छोटेसे पुस्तक लिहावयाचे त्याने योजिले होते. परंतु त्या दिवशी त्याला सर्वांत अधिक तिटकारा त्या फुलांचाच आला होता.

हे उद्गार काढणारा मनुष्य त्या वेळी ५२ वर्षांचा होता. सजीवांच्या जातींच्या उत्पत्तीवरील त्याचा युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध होऊन जवळजवळ दोन वर्षे झाली होती आणि त्याची कीर्ती सर्व युरोपात पसरली होती. तथापि कीर्तीने वाईट दिवस चुकत नाहीत. विद्यार्थी असो, कचेरीतील लेखनिक असो, यंत्रशाळेतील कारागीर असो अथवा घरचा संसार चालविणारी गृहिणी असो, प्रत्येकाच्या वाट्याला असे दिवस येतात. अंगात त्राण नसते, हाती घेतलेले काम डोंगराएवढे दिसू लागते आणि त्याहून वाईट म्हणजे ते करण्याजोगे तरी आहे काय, अशी शंका मनास ग्रासून टाकते.

डार्विनचे ते ऑर्किडांवरील पुस्तक १५ मे १८६२ रोजी, म्हणजे त्या पत्रानंतर साडेसात महिन्यांनी प्रसिद्ध झाले. मधल्या काळात त्याची प्रकृती सुधारली असावी, असे कोणास वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी नव्हती. डार्विन हा जवळजवळ चाळीस वर्षे आजारी होता. ओकाऱ्या, डोकेदुखी, छातीत धडधड आणि विलक्षण अशक्तता यांनी तो वारंवार अंथरुणास खिळे. या आजाराचे निदान त्याच्या हयातीत झाले नाही आणि आजही त्याविषयी विद्वानांत एकमत नाही. असे असूनही त्याच्या हातून जे प्रचंड कार्य घडले ते कसे घडले, हा प्रश्न केवळ चरित्रकारांचा नाही. श्रम आणि थकवा यांविषयी पुढील दीडशे वर्षांत जे शास्त्रीय प्रयोग झाले, त्यांच्या प्रकाशात या प्रश्नाचे उत्तर शोधणे फार उद्बोधक आहे.

आजारी माणसाचा दिनक्रम

डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या दिनक्रमाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. डार्विन पहाटे उठून थोडे फिरून येई आणि पावणेआठच्या सुमारास एकटाच न्याहारी करी. आठ वाजता तो अभ्यासिकेत जाऊन कामास बसे. आठ ते साडेनऊ हा दीड तास आपल्या कामास सर्वोत्तम, असे त्याचे मत होते. साडेनऊला तो बाहेर येई, टपाल पाही आणि कोचावर पडून कुटुंबातील पत्रे अथवा एखादी कादंबरी वाचून घेई. साडेदहा वाजता तो पुन्हा कामास लागे आणि बारा अथवा सव्वाबारापर्यंत काम करी. एवढे झाले की आजचे काम चांगले झाले, असे म्हणून तो उठे. दुपारी पत्रलेखन, विश्रांती आणि फिरणे होई. साडेचार ते साडेपाच पुन्हा एक तास काम होई. रात्री पत्नी एमा हिच्याबरोबर सोंगट्यांच्या खेळाचे दोन डाव मांडून आणि तिचे पियानोवादन ऐकून दिवस संपे.

या सर्वांची बेरीज केली तर मुख्य काम चार तासांच्या आसपासच भरते. मात्र हे तास ठरलेले होते. आज काम करावयाचे की नाही, असा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहत नसे. उत्साहाची वाट पाहत बसण्याचा प्रसंग या दिनक्रमाने टाळला. डार्विन आपल्या शक्तीच्या सीमेपर्यंत काम करी, पण ती सीमा त्यास नेमकी ओळखता येई. मजकूर सांगत असता तो मध्येच थांबे आणि आता याहून अधिक करता कामा नये, असे म्हणून काम बंद करी, अशी आठवण फ्रान्सिसने दिली आहे.

थकव्याचे गणित

हे थांबणे म्हणजे आळस नव्हता, हे डार्विनच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत एका प्रयोगाने दाखवून दिले. इटलीतील तुरिन येथे अँजेलो मोस्सो हा शरीरशास्त्रज्ञ थकव्याचा अभ्यास करीत होता. त्याने एर्गोग्राफ, म्हणजे श्रमलेखक, नावाचे एक साधे यंत्र बनविले. माणसाचा हात एका आधारावर पक्का बांधावयाचा, मधल्या बोटाला दोरी अडकवून तिला वजन टांगावयाचे आणि ठराविक तालावर बोट वाकवून ते वजन उचलावयास सांगावयाचे. प्रत्येक वेळी वजन किती वर गेले याची रेघ फिरत्या कागदावर आपोआप उमटे. आरंभी रेघा उंच असत. पुढे त्या आखूड होत जात आणि शेवटी बोट जागचे हलेनासे होई. थकवा ही नुसती तक्रार राहिली नाही, ती कागदावर मोजता येऊ लागली. मोस्सोचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला.

मोस्सोचा सहकारी माज्जोरा याने या यंत्रावर एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. स्नायू पूर्ण थकेपर्यंत त्याने ३० वेळा वजन उचलले, तेव्हा शक्ती भरून येण्यास दोन तास लागले. परंतु १५ वेळा उचलून तो थांबला, तेव्हा केवळ अर्ध्या तासाची विश्रांती पुरली. म्हणजे काम निम्मे केले, पण विश्रांती मात्र एकचतुर्थांशच लागली. याचा अर्थ उघड आहे. थकल्यावर रेटून केलेले शेवटचे काम सर्वांत महाग पडते. त्याची किंमत पुढील तासांना, किंबहुना पुढील दिवसाला मोजावी लागते. सव्वाबारा वाजता लेखणी खाली ठेवणारा डार्विन दुसऱ्या दिवशीच्या आठ वाजताचे काम सुरक्षित करीत होता.

याच माज्जोराच्या बोटाची शक्ती मोस्सोने आणखी एका प्रसंगी मोजली. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा कित्येक तास घेऊन तो परत आला, तेव्हा त्याच्या रेघा नेहमीपेक्षा फारच लवकर आखूड झाल्या. बोटाने काहीच श्रम केले नव्हते. थकले होते ते मन. या गोष्टीचा उलगडा करणारा एक प्रयोग २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी १६ व्यक्तींकडून ९० मिनिटे एकाग्रतेचे अवघड काम करवून घेतले आणि नंतर त्यांना जागच्या जागी असलेली सायकल थकेपर्यंत चालविण्यास सांगितले. दुसऱ्या एका दिवशी असे मानसिक श्रम न देता हीच चाचणी घेतली. मन थकलेले असताना माणसे लवकर थांबली. त्यांच्या हृदयाच्या आणि स्नायूंच्या मोजमापांत या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रम किती जड वाटतात यात. आरंभापासूनच त्यांना तेच काम अधिक कष्टाचे वाटत होते.

वाईट दिवशी काम डोंगराएवढे का दिसते, याचे उत्तर येथे मिळते. काम तेवढेच असते. ते मोजणारा आपल्या मनातील काटा त्या दिवशी अधिक वजन दाखवीत असतो. हे वजन खोटे नाही, ते खरोखर जाणवते आणि म्हणूनच त्या दिवशी कामाचे माप लहान करणे शहाणपणाचे ठरते. परंतु त्या काट्यावरून कामाच्या योग्यतेचा निर्णय देणे चुकीचे होईल. १ ऑक्टोबर १८६१ चा तो तिटकारा डार्विनच्या त्या दिवसाविषयी पुष्कळ सांगतो. ऑर्किडांविषयी काहीच सांगत नाही.

कामाचे लहान तुकडे

१८४६ साली डार्विनने बार्नेकल या प्राण्यांचा अभ्यास हाती घेतला. समुद्रकाठच्या खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून राहणारे हे लहान कवचधारी जीव होत. काही महिन्यांत संपेलसे वाटलेले हे काम १८५४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे चालले. त्यांपैकी सुमारे दोन वर्षे आजारात वाया गेली, असा हिशेब त्याने स्वतःच आत्मचरित्रात दिला आहे. या काळात त्यास बार्नेकलांचा मनस्वी कंटाळा आला होता. एवढा वेळ देण्याजोगे हे काम होते काय, अशी शंकाही त्याने पुढे बोलून दाखविली. परंतु या कामाची रचनाच अशी होती की त्याचे लहान लहान तुकडे पडत. एका दिवशी एक नमुना घ्यावा, त्याचे विच्छेदन करावे, सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसेल ते टिपावे. सबंध ग्रंथ लिहिण्याचे बळ नसलेल्या दिवशीही एक नमुना पाहता येत असे.

त्याच्या इतर कामांतही हीच पद्धत दिसते. अभ्यासिकेतील कपाटांत त्याने ३० ते ४० मोठ्या फायली नावे लावून ठेवल्या होत्या. एखादी नोंद सुचली अथवा वाचनात आली की ती त्या त्या विषयाच्या फायलीत पडे. त्यामुळे दहा मिनिटांचे कामही वाया न जाता योग्य जागी जाऊन बसे. थोडासाच वेळ उरला आहे, एवढ्यात काय होणार, असे म्हणून डार्विनने हाती आलेली मिनिटे कधी दवडली नाहीत, असे फ्रान्सिस सांगतो. फिरण्याच्या बाबतीतही त्याने अशीच युक्ती योजिली होती. घरामागील झाडीत वाळूची एक गोल वाट होती. तिच्यावर किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यासाठी तो वाटेवर चकमकीच्या दगडांचा ढीग ठेवी आणि प्रत्येक फेरीस एक दगड पायाने बाजूस सारी.

हा बाजूस सारलेला दगड दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु झालेली प्रगती डोळ्यांना दिसणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अमेरिकेतील तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांकडून रोजच्या कामाविषयी नोंदी लिहवून घेतल्या आणि अशा सुमारे १२,००० नोंदी तपासून आपले निष्कर्ष २०११ साली ग्रंथरूपाने मांडले. कर्मचाऱ्यांना जे दिवस सर्वांत चांगले वाटले, त्या दिवसांत इतर कोणत्याही घटनेपेक्षा एक गोष्ट अधिक वेळा आढळली. आपणास अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामात त्या दिवशी थोडी तरी प्रगती झालेली होती. उत्साह असेल तर काम होईल, असे आपण समजतो; परंतु थोडे काम पुढे सरकल्यानेही उत्साह येतो, हे या नोंदींवरून दिसते.

काम मध्येच सोडावे लागले, तरी त्यातही एक लाभ आहे. १९२८ साली बर्लिन येथे मारिया ओव्हसियांकिना हिने काही माणसांना लहान लहान कामे देऊन ती अर्ध्यावर थांबविली. नंतर मोकळा वेळ मिळताच बहुतेकांनी कोणी न सांगता ती अपुरी कामे आपण होऊन पुन्हा हाती घेतली. सुरू झालेले काम माणसास आपल्याकडे ओढीत असते. ही ओढ न सुरू झालेल्या कामास नसते. म्हणून कठीण दिवशी एक ओळ लिहून ठेवणे, एक उदाहरण अर्धे सोडविणे अथवा उद्याची पहिली पायरी कागदावर टिपणे, यांचे मोल त्यांच्या आकाराहून मोठे असते.

दिवसाला साजेसे काम

१८६३ आणि १८६४ या वर्षी डार्विनच्या आजाराने फारच उचल खाल्ली. अभ्यासिकेत बसणेही त्यास अशक्य झाले. तेव्हा त्याने वेलींच्या कुंड्या आपल्या खोलीत आणवून ठेवल्या. वेलींना आधारासाठी जे नाजूक तंतू फुटतात, त्यांस प्रतान म्हणतात. हे प्रतान हवेत हळूहळू गोल फिरत आधार शोधतात आणि काठीचा स्पर्श होताच तिला वेढा घालतात. ही गती इतकी मंद असते की धडधाकट, घाईत असलेल्या माणसास ती दिसतच नाही. अंथरुणावर पडलेल्या डार्विनजवळ मात्र वेळच वेळ होता. या निरीक्षणांतून वेलींच्या हालचालींवरील त्याचा निबंध तयार झाला आणि १८६५ साली तो प्रसिद्ध झाला. लेखनाची शक्ती नव्हती, पण पाहण्याची होती. म्हणून त्याने पाहण्याचे काम निवडले. प्रत्येक व्यवसायात जड आणि हलकी अशी दोन्ही कामे असतात. हलकी कामे वाईट दिवसासाठी राखून ठेवणे ही एक प्रकारची बचतच होय.

लेखणी खाली ठेवण्याचे दिवस

तथापि प्रत्येक कठीण दिवशी काम केलेच पाहिजे, असा बोध यातून कोणी घेऊ नये. २३ एप्रिल १८५१ रोजी डार्विनची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी मरण पावली. आठवड्याभराने डार्विनने लेखणी हाती घेतली ती तिच्या आठवणी लिहून ठेवण्यासाठी. पुढे १८५८ सालच्या जून महिन्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे पत्र आले. डार्विनने वीस वर्षे मनात बाळगलेला सिद्धांतच वॉलेसने स्वतंत्रपणे शोधून काढला होता. त्याच सुमारास घरात लोहितांगज्वराची साथ शिरली आणि २८ जून रोजी डार्विनचे दीड वर्षाचे बालक दगावले. अशा वेळी डार्विनने सर्व कागदपत्रे लायल आणि हूकर या मित्रांच्या स्वाधीन केली व काय योग्य ते तुम्हीच ठरवा, असे कळविले. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले, तेव्हा डार्विन तेथे नव्हता. त्याच जुलैच्या २० तारखेस, समुद्रकाठी विश्रांतीस गेला असता, त्याने आपल्या ग्रंथाच्या लेखनास आरंभ केला. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या वेळीही तो जलोपचारासाठी घरापासून दूर होता.

शोकाच्या आणि तीव्र आजाराच्या दिवसांत काम दुसऱ्याच्या हाती सोपविणे हाही कामाचाच एक भाग आहे. तसेच उदासपणा एका दिवसाचा न राहता आठवडेच्या आठवडे टिकला, झोप आणि भूक नाहीशी झाली, तर तो प्रश्न चिकाटीचा नसून वैद्यकाचा असतो. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

ज्याचे तास दुसऱ्याच्या हाती

डार्विनच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो श्रीमंत होता, घरात नोकरचाकर होते आणि एमाने आयुष्यभर त्याची शुश्रूषा केली. सव्वाबारा वाजता उठून जाण्याची मोकळीक यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगारास नसते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रीपुरुष दिवसाचे बारा बारा तास आणि पुष्कळदा रविवारीही काम करीत होते. राष्ट्र संकटात असता अधिक तास म्हणजे अधिक उत्पादन, असा सर्वांचा समज होता. १९१५ साली सरकारने या कामगारांच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. एच. एम. व्हर्नन या शरीरशास्त्रज्ञाने समितीसाठी कारखान्यांतील प्रत्यक्ष उत्पादनाची मोजदाद केली. कामाचे अतिरिक्त तास कमी केल्याने आणि रविवारचे काम बंद केल्याने आठवड्याचे एकूण उत्पादन घटले नाही, कित्येक कामांत तर ते वाढले, असे आढळून आले. माज्जोराच्या एका बोटाने जे सांगितले, तेच हजारो हातांनी सांगितले.

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारांसाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, आठवड्याची सुटी आवश्यक केली आणि सलग पाच तासांहून अधिक वेळ काम न घेता निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असे ठरविले. कठीण दिवस निभावून नेण्याची जबाबदारी एकट्या माणसाच्या मनोधैर्यावर टाकता येत नाही. कामाचे तास, विश्रांती आणि सहकाऱ्यांचा आधार यांची व्यवस्था ज्यांच्या हाती असते, त्यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

पेटीतून आलेले फूल

आता पुन्हा त्या ऑर्किडांकडे वळू. तिटकाऱ्याच्या त्या पत्रानंतर पुस्तकाचे काम त्याच दीड दीड तासांच्या मापाने पुढे चालू राहिले. सह्याद्रीच्या रानात झाडांवर फुलणारी ‘सीतेची वेणी’ ज्या कुलात मोडते, त्याच ऑर्किड कुलातील मादागास्कर बेटावरील एक पांढरे फूल १८६२ सालच्या जानेवारीत एका पेटीतून डार्विनकडे आले. या फुलास खाली लोंबणारी सुमारे २९ सेंटीमीटर लांबीची नळी होती आणि मध फक्त तिच्या तळाशी होता. एवढ्या खोल मध ठेवण्याचे प्रयोजन काय असावे? डार्विनने विचार करून आपल्या पुस्तकात लिहिले की, दहा ते अकरा इंच लांब होऊ शकेल अशी सोंड असलेला एखादा पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. असा पतंग तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता.

डार्विन १८८२ साली मरण पावला. १९०३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी, मादागास्करातील अशा लांब सोंडेच्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. भाकीत केलेला, या अर्थाचे ‘प्रेडिक्टा’ हे नाव त्यास देण्यात आले. पुढे हा पतंग त्या फुलावर येऊन मध पितो, हेही प्रत्यक्ष पाहण्यात आले.

१ ऑक्टोबर १८६१ रोजी डार्विनने आपल्या तिटकाऱ्याचे ऐकले असते, तर ते पुस्तक अपुरे राहिले असते. त्याने तो तिटकारा मित्रापुढे बोलून दाखविला, पत्र टपालात टाकले आणि काम मात्र सोडले नाही.